जहाजं आणि बंदरांची सुरक्षा पातळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जहाजाच्या गँगवेशी, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या शिडीशी, किंवा बंदराच्या फाटकावर एक पाटी असते: 'सुरक्षा पातळी १'. महिनोन् महिने तो आकडा बदलत नाही, त्यामुळे येणारे-जाणारे पाटीकडे बघायचंही सोडून देतात. मग एके दिवशी तिथे २ दिसतो आणि एकच गडबड उडते: आता काय करायचं, कोणी सांगितलं, किनाऱ्यावर जाता येईल का, सामान उतरवणं थांबणार का? नव्याने जहाजावर जाणारे, बंदरात काम करणारे आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे घेतले आहेत. हा आकडा ज्या नियमावलीतून येतो, त्या आयएसपीएस कोडपासून सुरुवात करू.

आयएसपीएस कोड म्हणजे काय?

पूर्ण नाव 'इंटरनॅशनल शिप अँड पोर्ट फॅसिलिटी सिक्युरिटी कोड'. जहाज आणि बंदर यांच्यावर हल्ला, घातपात, अपहरण, चोरटा शिरकाव होऊ नये म्हणून कोणी काय करायचं याची ही आंतरराष्ट्रीय नियमावली. समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा जो जुना करार आहे, सोलास, त्याच्या अकराव्या प्रकरणाचे दोन तुकडे करून 'अकरा-२' हे नवं प्रकरण सुरक्षेसाठी काढलं. हा कोड त्याला जोडलेला आहे.

कोडचे दोन भाग आहेत. 'अ' भाग बंधनकारक. काय करायचं ते त्यात आहे. 'ब' भाग मार्गदर्शक. कसं करायचं ते त्यात सापडतं. 'ब' म्हणजे नुसता सल्ला असं समजून तो न वाचणारे बरेच भेटतात. युरोपियन युनियनने २००४ मध्ये 'ब' मधल्या कितीतरी तरतुदी आपल्याकडे सक्तीच्या करून टाकल्या, तेव्हा तिथे जाणाऱ्या जहाजावर हा गैरसमज महागात पडू शकतो.

हे नियम कधी आले, आणि त्याआधी काहीच नव्हतं का?

होतं, पण तुटक. ऑक्टोबर १९८५ मध्ये 'अकिले लाउरो' हे इटालियन प्रवासी जहाज इजिप्तजवळ पळवलं गेलं. पळवणारे प्रवासी म्हणूनच जहाजावर चढले होते, आणि त्यांनी एका प्रवाशाला ठार मारलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, प्रवासी जहाजांसाठी सुरक्षेच्या सूचना काढल्या आणि १९८८ मध्ये रोममध्ये जहाजांवरच्या हिंसक कृत्यांविरुद्धचा करार झाला. तो मुख्यतः गुन्हेगाराला शिक्षा कशी करायची याबद्दल होता. गुन्हेगार मुळात जहाजावर चढूच नये, यासाठी मालवाहू जहाजांना जगभर लागू होईल अशी एक शिस्त नव्हती.

ती आली ११ सप्टेंबर २००१ नंतर. विमानं शस्त्र म्हणून वापरता येतात तर तेलाने भरलेलं टँकर का नाही, हा प्रश्न सगळ्यांना पडला. चर्चा चालू असतानाच ६ ऑक्टोबर २००२ रोजी येमेनच्या किनाऱ्याजवळ 'लिम्बुर्ग' या फ्रेंच टँकरवर स्फोटकांनी भरलेली छोटी बोट येऊन आदळली. एक खलाशी गेला, आग लागली, तेल समुद्रात पसरलं. दोनच महिन्यांनी, १२ डिसेंबर २००२ ला, लंडनच्या परिषदेत कोड मंजूर झाला आणि १ जुलै २००४ पासून लागू झाला. आंतरराष्ट्रीय करारांच्या मानाने हा वेग अफाट आहे. कोड लागू होणाऱ्या जगभरच्या प्रत्येक जहाजाला आणि धक्क्याला दीड वर्षात आराखडा, अधिकारी, प्रशिक्षण, प्रमाणपत्र हे सगळं उभं करायचं होतं. कागदपत्रांचा जो मारा तेव्हा सुरू झाला तो अजून थांबलेला नाही, ही माझी जाता जाता कुरकुर.

कोणत्या जहाजांना लागू आहे?

एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी सगळी प्रवासी जहाजं, ५०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या जागेवरून काढलेलं आकाराचं माप) किंवा त्याहून मोठी मालवाहू जहाजं, समुद्रात जागा बदलत फिरणारे तेलविहिरी खोदणारे तराफे, आणि या सगळ्यांना सेवा देणारे बंदरातले धक्के. युद्धनौका आणि सरकारी बिगरव्यापारी जहाजं यातून वगळली आहेत. मासेमारी बोटी, छोट्या खासगी नौका यात येत नाहीत. 'लिम्बुर्ग'वर आदळलेली बोट अशीच, कोणत्याही नियमात न बसणारी होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी' यात फरक काय? मराठीत दोन्ही सुरक्षाच ना?

तिथेच घोळ होतो. आग, बुडणं, घसरून पडणं, यंत्र बिघडणं हा सेफ्टीचा भाग: इथे कोणाचा वाईट हेतू नसतो. सिक्युरिटीत समोर माणूस असतो आणि तो मुद्दाम काहीतरी करायला आलेला असतो. जहाजावर बोलताना सगळे हे इंग्रजी शब्दच वापरतात, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. कागदावर मराठीत लिहिताना मी पहिल्याला 'सुरक्षितता' आणि दुसऱ्याला 'सुरक्षा' म्हणतो.

दोन्ही एकमेकांच्या आड येतात तेव्हा फरक समजतो. सिक्युरिटी म्हणते, दार कुलूपबंद ठेवा. सेफ्टी म्हणते, आग लागली तर याच दारातून बाहेर पडायचंय. अशा वेळी निर्णय कप्तानाचा, आणि जहाजाची सुरक्षितता आधी, असं नियमातच लिहिलं आहे. म्हणून सुटकेच्या वाटेवरचं दार बाहेरून उघडता येत नाही पण आतून हाताने उघडतं, अशा कड्या बसवतात.

तीन पातळ्या कोणत्या?

पातळी १ म्हणजे रोजची. किमान बंदोबस्त कायम ठेवायचा. १ म्हणजे 'काही नाही' असा अर्थ नाही. शून्य नावाची पातळीच नाही.

पातळी २ म्हणजे धोका वाढला आहे. जादा उपाय काही काळ चालू ठेवायचे.

पातळी ३ म्हणजे घटना होण्याची दाट शक्यता आहे किंवा ती अगदी तोंडावर आली आहे. नेमका कोणावर हल्ला होणार हे माहीत नसलं तरीही ही पातळी लावता येते. ती थोड्या काळापुरतीच असते, कारण त्या अवस्थेत बंदर नीट चालूच शकत नाही.

पातळी कोण ठरवतं? कप्तान स्वतः वाढवू शकतो का?

सरकार. जहाजासाठी ध्वजदेशाचं सरकार, म्हणजे ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्याचं. बंदरासाठी त्या बंदराच्या देशाचं. हे काम दुसऱ्या कोणाला सोपवता येत नाही. जहाजांची तपासणी, आराखडे मंजूर करणं अशी बरीच कामं सरकारं मान्यताप्राप्त संस्थांना देतात, पण पातळी ठरवणं आणि बंदराचा सुरक्षा आराखडा मंजूर करणं ही कामं सरकारने स्वतःकडेच ठेवायची असतात.

कप्तान आकडा बदलत नाही. पण गँगवेवर एकाऐवजी दोन माणसं उभी करायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. धोका वाटला की त्याने जादा उपाय करावेत, कंपनीला आणि बंदराला कळवावं. कंपनी, माल पाठवणारा किंवा जहाज भाड्याने घेणारा, कोणीही त्याला 'राहू दे, उशीर होतोय' म्हणून अडवू शकत नाही. हे स्वातंत्र्य कागदावर लिहून दिलेलं आहे. वापरायला मात्र कप्तान खमका लागतो.

बंदर २ वर आहे आणि जहाज १ वर. मग?

जहाजाने २ वर यायचं. बंदराच्या पातळीपेक्षा खाली राहून जहाजाला आत येता येत नाही. पातळी २ किंवा ३ ची सूचना मिळाली की जहाजाने ती मिळाल्याचं कळवायचं, उपाय सुरू केल्याचंही कळवायचं, आणि काही जमण्यासारखं नसेल तर आत शिरण्याआधीच तसं सांगायचं.

उलटं चालतं: जहाज २ वर आणि बंदर १ वर असू शकतं. ध्वजदेशाने आपल्या जहाजांना सावध केलेलं असतं, बंदराला मात्र तसं वाटत नसतं. अशा वेळी जहाजाने बंदराला कळवायचं आणि दोघांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी कोण काय करणार ते ठरवायचं. बंदराने आपली पातळी वाढवलीच पाहिजे असं नाही.

पातळी १ वरून २ झाली की जहाजावर प्रत्यक्षात काय बदलतं?

याचं उत्तर गँगवेवर उभं राहून दिलेलं बरं.

पातळी १ ची रात्र. जहाज धक्क्याला लागलं आहे. गँगवेच्या वरच्या टोकाला एक खलाशी, हातात वॉकीटॉकी, समोर रजिस्टर. खालून कोणी चढलं की नाव, कोणाकडे काम, आलेली वेळ, ओळखपत्र. एजंट असेल तर चीफ ऑफिसरला विचारून आत, गळ्यात पाहुण्याचा बिल्ला. सामानाची खोकी आली तर ऑर्डरशी जुळवून घ्यायची. मधूनमधून कोणाची तरी बॅग उघडून बघायची. इंजिन रूम, ब्रिज (जिथून जहाज चालवतात ती खोली), स्टिअरिंग गिअरची खोली अशा ठिकाणी 'प्रवेश निषिद्ध'ची पाटी आणि दाराला कुलूप. डेकवर फेरी, उजेड पुरेसा.

आता पातळी २. त्याच गँगवेवर दोघं. जहाजावर यायच्या दोन-तीन वाटा असतील तर त्यातल्या कमी करायच्या. मधूनमधून बघायच्या बॅगा आता जास्त संख्येने बघायच्या. पाहुण्याला एकटं सोडायचं नाही, बरोबर माणूस द्यायचा. समुद्राच्या बाजूलाही नजर, कारण सगळे धक्क्याकडे बघत असताना शिडी दुसऱ्या बाजूने लागते. डेकवरच्या फेऱ्या वाढतात. स्टोअर्सची तपासणी काटेकोर होते. ऑर्डर न दिलेलं खोकं खालीच राहतं, मग पुरवठादार कितीही ओरडो.

सगळ्यात मोठा बदल कुठे लिहिलेला नसतो. तेवढ्याच माणसांत हे सगळं करायचं असतं. मालवाहू जहाजावर वीस-बावीस जण असतात. गँगवेवर एक माणूस वाढला की तो दुसरीकडून कमी होतो, आणि विश्रांतीचे तास तर ठरलेले आहेत. लांबलेल्या पातळी २ मध्ये पहिल्यांदा तुटते ती लोकांची झोप. चांगला सुरक्षा अधिकारी पातळी वाढल्याचा संदेश आला की आधी वॉचचं, म्हणजे कामाच्या पाळ्यांचं, वेळापत्रक उघडतो.

आणि पातळी ३ वर?

इथे जहाज स्वतःच्या आराखड्याइतकंच सरकारच्या थेट सूचनांवर चालतं. जहाजावर यायची वाट एकच, आणि त्या वाटेने फक्त मदतीला आलेल्यांनाच प्रवेश. माल चढवणं-उतरवणं थांबू शकतं. सगळे दिवे लावायचे, पूर्ण किंवा अंशतः झडती घ्यायची, जहाजाचा पाण्याखालचा भाग तपासायची तयारी ठेवायची. पाणबुड्याने जवळ येऊ नये म्हणून जमत असेल तर प्रॉपेलर हळूहळू फिरता ठेवणं, असाही उपाय 'ब' भागात सुचवलेला आहे. गरज पडली तर लोकांना उतरवायचं किंवा जहाज तिथून हलवायचं.

एसएसओ, सीएसओ, पीएफएसओ: हे कोण?

एसएसओ हा जहाजावरचा सुरक्षा अधिकारी, कप्तानाला जबाबदार. बहुतेक वेळा चीफ ऑफिसर. सीएसओ कंपनीच्या कार्यालयात असतो आणि एकापेक्षा जास्त जहाजं सांभाळतो. पीएफएसओ बंदराच्या धक्क्याचा. पातळी बदलली की या तिघांचे फोन एकमेकांना लागले पाहिजेत, रात्री तीनलासुद्धा. बाकीच्या खलाशांनाही सुटका नाही: खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० मध्ये झालेल्या मनिला दुरुस्त्यांनंतर प्रत्येकाला सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं.

डीओएस म्हणजे काय आणि तो दर वेळी भरायचा का?

'डिक्लरेशन ऑफ सिक्युरिटी'. जहाज आणि बंदर, किंवा जहाज आणि जहाज, यांच्यात कोणती जबाबदारी कोणाची याचा लेखी करार. दर वेळी नाही. दोघांच्या पातळ्या वेगळ्या असतील, आधी काही घटना किंवा धमकी झाली असेल, किंवा समोरच्या बंदराला वा जहाजाला मंजूर आराखडाच नसेल, तेव्हा जहाज मागू शकतं. गँगवेवर पहारा जहाजाचा असेल, पण धक्क्यावरचे दिवे कोणाचे? समुद्राच्या बाजूला कोण बघणार? असे प्रश्न आधी सोडवून घेतलेले बरे, नाहीतर दोघांनाही वाटतं की दुसरा बघतोय.

जहाजाचा सुरक्षा आराखडा तपासायला मागितला तर द्यायचा का?

सहसा नाही. तो गोपनीय आहे. परदेशी बंदरातले तपासणी अधिकारी जहाजावर येऊन प्रमाणपत्र बघू शकतात, पण आराखडा सरसकट चाळू शकत नाहीत. नियम मोडल्याचा ठोस संशय असेल आणि तो तपासायला दुसरा मार्गच नसेल, तर ध्वजदेशाच्या किंवा कप्तानाच्या संमतीने तेवढाच भाग दाखवता येतो. त्यातलेही काही भाग ध्वजदेशाच्या परवानगीशिवाय उघडायचे नसतात. नवख्या अधिकाऱ्यांना हे माहीत नसतं. अधिकारी गणवेशात आला की फाइल पुढे करतात.

प्रमाणपत्र किती वर्षांचं?

पाच वर्षं. मधली तपासणी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या दरम्यान. मालक किंवा झेंडा बदलला तर तात्पुरतं मिळतं, जास्तीत जास्त सहा महिन्यांचं.

जहाजावर लपवलेलं एक बटण असतं म्हणतात. ते दाबलं की काय होतं?

जहाजावर काहीच होत नाही, आणि तेच त्याचं काम. याला एसएसएएस म्हणतात. बटणं किमान दोन ठिकाणी असतात, त्यातलं एक ब्रिजवर. दाबलं की भोंगा वाजत नाही, दिवा लागत नाही, जवळच्या जहाजांना संदेश जात नाही. जहाज कोणतं, कुठे आहे आणि ते संकटात आहे, एवढं उपग्रहामार्फत ध्वजदेशाने नेमलेल्या यंत्रणेकडे आणि बहुधा कंपनीकडेही जातं. बंद करेपर्यंत जात राहतं. शेजारी बंदूक घेऊन कोणी उभा असेल तर त्याला कळता कामा नये, म्हणून हा सगळा मूकपणा. ते कुठे आहे हे जहाजावर मोजक्याच लोकांना माहीत असतं. विचारू नका.

ड्रिल किती वेळा?

दर तीन महिन्यांनी किमान एकदा. शिवाय एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोक बदलले, आणि नव्यांनी त्या जहाजावर गेल्या तीन महिन्यांत ड्रिल केलेलं नसेल, तर आठवड्याच्या आत. कंपनी, बंदर, सरकार असे सगळे मिळून करायचा मोठा सराव वर्षातून एकदा. दोन सरावांत १८ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको.

संशयास्पद वस्तू शोधायच्या ड्रिलमध्ये कुठेतरी एक खोकं लपवतात. माझ्या पाहण्यात ते बरेचदा आचाऱ्याला सापडलं आहे. कोठाराच्या फळीवर काल काय होतं हे त्याला पाठ असतं. झडतीची यादी हातात घेऊन फिरणाऱ्यापेक्षा त्या जागेत रोज वावरणारा माणूस उपयोगी, म्हणून ज्याची खोली त्याच्याकडेच तिची झडती, अशी वाटणी करावी.

बंदर जहाजाला आत येऊ देणं नाकारू शकतं का?

हो. आत येण्याआधी जहाजाकडून माहिती मागतात: प्रमाणपत्र, चालू पातळी, आणि शेवटच्या दहा बंदरांत कोणत्या पातळीवर होतात, काही जादा उपाय केले होते का. अमेरिकेत जाताना सामान्यतः ९६ तास आधी कळवावं लागतं. उत्तरं समाधानकारक नसतील किंवा ठोस कारण असेल तर तपासणी, उशीर, अडकवून ठेवणं, कामावर मर्यादा, प्रवेश नाकारणं, बंदराबाहेर काढणं, असं काहीही होऊ शकतं. विनाकारण अडकवलं तर नुकसानभरपाई मागायचा हक्कही जहाजाला आहे. दहा बंदरांच्या नोंदी म्हणूनच नीट ठेवायच्या. आठव्या बंदरातला डीओएस सापडत नाही म्हणून धावपळ करणारे मी पाहिले आहेत.

धोक्याच्या भागात एआयएस बंद करता येतं का?

एआयएस म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आसपासच्यांना सतत कळवणारं यंत्र. ते चालू ठेवल्याने जहाजाच्या सुरक्षेला धोका आहे असं कप्तानाला वाटलं तर येतं. लॉगबुकात कारणासह नोंद करायची, आणि धोका टळला की पुन्हा चालू. पण बंद केल्यावर जवळची जहाजंही आपल्याला एआयएसच्या पडद्यावर पाहू शकत नाहीत, टक्कर होण्याची भीती वाढते. इथेही सुरक्षा आणि सुरक्षितता समोरासमोर येतात.

समुद्री चाच्यांसाठीही हाच कोड का?

आराखडा, पहारा, एसएसएएस यांचा उपयोग तिथे होतोच. पण कोडचा भर बंदर आणि जहाज यांच्या भेटीच्या जागेवर आहे. भर समुद्रातल्या चाच्यांसाठी जहाजमालकांच्या संघटनांनी वेगळ्या मार्गदर्शिका काढल्या आहेत: काटेरी तारा, पाण्याचे फवारे, वेग वाढवणं, सगळ्यांनी लपायची मजबूत खोली. सशस्त्र रक्षक ठेवायचे की नाही हे ध्वजदेशाच्या कायद्यावर असतं; कोड तशी सक्ती करत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी 'गॅलक्सी लीडर' हे मालवाहू जहाज ताब्यात घेतलं ते हेलिकॉप्टरने डेकवर उतरून. गँगवेचं रजिस्टर तिथे काय करणार? त्या जहाजावरचे २५ खलाशी जानेवारी २०२५ मध्ये सुटले.

संगणकावरचे हल्ले यात येतात का?

आयएमओने १६ जून २०१७ ला ठराव केला की सायबर धोक्यांची दखल कंपन्यांनी आपल्या सुरक्षितता व्यवस्थापनात घ्यावी. मुदत १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक तपासणीची. ठरावाला अकरा दिवस होतात न होतात तोच, २७ जूनला, 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे कंटेनर टर्मिनल ठिकठिकाणी ठप्प झाले. फाटकावर ट्रकच्या रांगा, आणि कोणता कंटेनर कुठे आहे हे सांगणारा पडदा बंद. कुंपण कुठेही तुटलेलं नव्हतं.

पातळी वाढली की खलाशांची शोअर लीव्ह बंद?

आपोआप नाही. खलाशांना किनाऱ्यावर जाऊ देणं आणि त्यांच्या संघटनांच्या व कल्याण संस्थांच्या लोकांना जहाजावर येऊ देणं कसं सोपं करायचं, हे बंदराच्या आराखड्यात असलंच पाहिजे, असं 'अ' भागातच आहे. तरीही काही धक्क्यांवर फाटकापर्यंत नेणारी गाडी मिळत नाही, चालत जायला परवानगी नाही, आणि कारण विचारलं की उत्तर एकच: 'आयएसपीएस'. कोडच्या नावावर कोडच मोडला जातो. अशा वेळी एसएसओने पीएफएसओकडे लेखी विचारणा करावी आणि कोणत्या नियमाखाली अडवलं ते नेमकं मागावं. लेखी मागितलं की बरेचदा गाडी येते.

सहकाऱ्याची बॅग तपासायची वेळ आली तर?

तसा ठोस सुरक्षेचा मुद्दा नसेल तर खलाशांना एकमेकांची किंवा एकमेकांच्या सामानाची झडती घ्यायला लावू नये, असं 'ब' भाग सांगतो. घ्यावीच लागली तर माणसाचा मान राखून.

गणवेशातला अधिकारी ओळखपत्र दाखवायला नकार देत असेल तर?

त्याला गँगवेवरच थांबवायचं आणि ड्यूटी ऑफिसरला बोलवायचं. खरे अधिकारी सहसा चिडत नाहीत. काही तर मुद्दाम न दाखवता चढू पाहतात आणि आत सोडलं की तीच त्रुटी म्हणून लिहितात.